मिस्त्रींची बेरिंग आणि शेठजींची दवा

मिस्त्री इंजिनाचा आवाज कानांनी ऐकत नसत, दातांनी ऐकत. बाभळीची हातभर लांब, तासून गुळगुळीत केलेली एक काठी त्यांच्यापाशी होती. तिचे एक टोक चालू इंजिनाच्या अंगाला टेकवायचे, दुसरे दाढेखाली धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. उमेदीची वर्षे कापसाच्या जिनिंगच्या इंजिनघरात गेल्यामुळे त्यांचे दोन्ही कान जवळजवळ निकामी झाले होते. हिंगोलीच्या बाजारात पाठीमागून हाक मारली तर ते वळत नसत. परंतु लॉरीच्या सहा सिलिंडरांपैकी कोणत्या रॉडची बेरिंग सैल होऊ लागली आहे, हे ती काठी दाढेखाली धरून ते सांगत आणि इंजिन उघडल्यावर तीच बेरिंग सैल निघे. निजामी अमदानीच्या अखेरच्या दहा-अकरा वर्षांत मी त्यांच्या शेडमध्ये लॉरी नेत होतो. त्यांचे बोट चुकीच्या सिलिंडरवर पडलेले मी पाहिले नाही.

हे आज लिहावे लागते आहे, कारण आमच्या गावात नुकतीच एक स्मरणिका निघाली. तिच्यात एका लेखकाने छापले आहे की, शेठजींच्या लॉरीचे इंजिन ऐन संकटाच्या वेळी मिस्त्रींनी मुद्दाम बिघडवून ठेवले. शेजारच्याच पानावर दुसऱ्या एका गृहस्थांनी आठवण सांगितली आहे की, मिस्त्री ठार बहिरे होते, त्यांना इंजिनातला ठोका ऐकूच आला नाही. संपादकांनी दोन्ही लेख समोरासमोर छापले आणि त्यांना त्यात काही खटकले नाही. अहो, ज्याला दोष कळलाच नाही तो कपट कशाचे करणार? एकतर माणसाला बहिरा म्हणा, नाहीतर घातकी म्हणा. दोन्ही दगड एकाच माणसाच्या डोक्यात घालायचे असतील तर निदान एकमेकांना विचारून तरी घाला. मी मात्र दोन्ही लेख खोटे म्हणतो आणि तसे म्हणण्याचा मला अधिकार आहे. ती लॉरी मी चालवत होतो.

स्मरणिकेतील विद्वानांना बेरिंग म्हणजे काय हे ठाऊक नसावे, म्हणून आधी तेवढे सांगतो. इंजिनाचा रॉड वरखाली होतो आणि त्याने क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो. रॉड जिथे क्रँकला कवटाळतो तिथे पितळेच्या दोन अर्धगोल वाट्या असतात. त्यांच्या आतून पांढऱ्या, नखाने ओरखडा पडेल अशा नरम धातूचा थर दिलेला असतो. झिजायचे ते या थराने. मिस्त्री म्हणत, “बेरिंग मरायलाच असती. ती मरती म्हून क्रँक जगतो. तुमी तिला मरू देत न्हाई, मग क्रँक मारता.” दर हंगाम संपला की चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, खाली उतरवावे, बेरिंग तपासाव्या आणि झिजली असेल ती बदलावी, हा त्यांचा धर्म होता. नमाजाची वेळ त्यांच्याकडून कधीमधी चुके. हंगामाची तपासणी चुकली नाही.

महायुद्धाच्या वर्षांत परदेशी माल यायचा बंद झाला तेव्हा मिस्त्री बेरिंग स्वतः ओतू लागले. कोळशाच्या भट्टीवर लोखंडी पळीत धातू वितळला की ते त्यात ज्वारीचे वाळलेले चिपाड बुडवीत. चिपाड तांबूस झाले तर ओतायचे. कोरडेच राहिले तर धातू कच्चा. चिपाडाने पेट घेतला तर धातू जळाला, तो बाजूला. थर ओतल्यावर क्रँकला कपड्याची नीळ तेलात कालवून लावायची, वाटी बसवून फिरवायची आणि जिथे निळा डाग उठेल तिथेच पात्याने खरवडायचे. डाग सगळीकडे सारखा उठेपर्यंत हे चाले. या कामात कोणी बोललेले त्यांना खपत नसे. मी एकदा म्हणालो, “मिस्त्री, झालं की आता, बसवून टाका.” ते मान वर न करता म्हणाले, “साखरेवाले, तुमी गाडी चालवता का नांगर?” मी साखरा गावचा, कुणब्याच्या घरचा. त्यांनी मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही.

कोणी असे समजू नये की मी एखाद्या गरीब साध्यासुध्या कारागिराचे गोडवे गातो आहे. मिस्त्री साधे नव्हते. गर्विष्ठ होते, तोंडाळ होते आणि हट्टी तर असे की कुरुंद्याच्या एका सधन बागाईतदाराचे इंजिन त्यांनी अर्धे उघडून तसेच परत पाठवले होते, कारण काय, तर त्याने विचारले, “मिस्त्री, हे बराबर बसंल ना?” पण त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे आणि ती स्मरणिकेत नाही. एकदा त्यांनी ओतलेली बेरिंग वारंगा फाट्याजवळ भरल्या लॉरीत चुरा झाली. मी रागाने तो चुरा रुमालात बांधून त्यांच्यापुढे ओतला. त्यांनी तो चिमटीत घेतला, बोटांनी चोळला आणि सगळ्या शेडसमोर म्हणाले, “धातू जळाला व्हता. माजा हात खराब व्हता त्या दिशी.” माफी मागितली नाही. नवी ओतून बसवली आणि तेवढा वेळ मला चहा पाजला. जो माणूस स्वतःची चूक चारचौघांत अशी सांगतो, तो दुसऱ्याच्या इंजिनात गुपचूप खोडी करून ठेवील, हे मला पटवून देण्याचे ज्यांना जमेल त्यांनी अवश्य यावे.

आता त्या उन्हाळ्याकडे वळतो. पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा. रझाकारांची दहशत वाढली होती आणि ज्यांना शक्य होते ते बायकामुलांना सेनगावच्या वाटेने वऱ्हाडच्या हद्दीत पोचवत होते. आमच्या शेठजींची हिंगोलीत जिनिंग होती आणि कापूस वाहायला एक अमेरिकी बनावटीची लॉरी होती. आपले घर आणि गल्लीतील आणखी काही कुटुंबे या लॉरीतून पलीकडे पोचवायचे त्यांनी ठरवले. हे त्यांचे करणे चांगले होते. चांगल्याला मी चांगले म्हणतो. माझे वैर खोट्याशी आहे.

निघण्यापूर्वी मी लॉरी मिस्त्रींकडे नेली. चालताना बारीक ठोका येत होता. मिस्त्रींनी काठी लावली आणि डोळे उघडून म्हणाले, “चौथी. मेली ती. बदलून घ्या.” नवी बेरिंग त्यांनी आधीच ओतून, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. फक्त इंजिन उघडायला आणि नीळ लावून बसवायला दोन दिवस हवे होते.

शेठजी स्वतः शेडमध्ये आले. त्यांच्या हातात एक डबा होता. हैदराबादेहून आलेला एक विक्रेता असे डबे गावोगाव देऊन गेला होता. वर धावत्या हरणाचे चित्र, आत काळी, चकाकणारी, शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखी पूड घट्ट तेलात कालवलेली. इंजिनाच्या तेलात ही दवा ओतली की बेरिंग झिजत नाही, झिजलेली भरून येते, असे त्याने छातीठोक सांगितले होते.

शेठजी मोठ्याने म्हणाले, “मिस्त्री, दोन दिवस कुठून आणू? हे टाकतो. ठोका जातो म्हणे.”

मिस्त्रींनी डब्यात बोट बुडवले, अंगठ्यावर चोळले, वास घेतला. “दवा बरी हाय.”

“बघा, तुमीच म्हनता.”

“बरी हाय, पन कोनाला? नव्या बेरिंगला मी बी लावतो हे, चिमूटभर. चांगली झिजू नये म्हून. मेलेलीला काहून पाजून राहिले तुमी?”

“पन आवाज तर बंद व्हतो ना?”

“व्हतो. आवाज बंद झाला म्हंजे बिमारी गेली न्हाई, शेठ. तोंड दाबलं तुमी तिचं.”

शेठजी हसले आणि मला म्हणाले, “यांचं असंच असतं. दुकान यांचं बेरिंगवर चालतं.” एवढे ऐकू न येणाऱ्या माणसाने हे मात्र बरोबर ऐकले. मिस्त्री उठले, हात पुसले आणि म्हणाले, “न्या मग. दुकान माजं, गाडी तुमची, लेकरं बी तुमचीच.”

शेठजींनी तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत, सगळा डबा ओतला. चिमूटभर नव्हे, सगळा. मी म्हणालो, “शेठजी, अर्धा तरी ठेवा.” ते म्हणाले, “जास्त टाकलं तर जास्तच फायदा.” ठोका खरोखरच बंद झाला. इंजिन लोण्यासारखे चालू लागले. निघताना मिस्त्रींनी माझ्या खिडकीशी येऊन एवढेच सांगितले, “साखरेवाले, चढावर ताकत मागू नका तिला. तेल तपासत जा.” मी लॉरी काढली, शेठजीही सोबत होते. काही शहाणे मला विचारतात की तुम्हाला कळत होते तर तुम्ही का नेली? नेली, कारण माणसे न्यायची होती आणि दुसरी गाडी नव्हती. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नेईन.

सेनगाव मागे पडले. तेलाची पट्टी मी वाटेत दोनदा पाहिली. तेल पुरेसे होते. साखरा एका कोसावर आला आणि चढाला इंजिन एकाएकी असे ठोकू लागले की मागे बायका किंचाळल्या. मी तत्काळ बंद केले. शेठजींच्या वृद्ध मातोश्री, बाळंतीण सून आणि लहान लेकरे रणरणत्या उन्हात रस्त्यावर उतरली. हद्द अजून दूर होती आणि कोणत्या बाजूने कोण येईल याचा भरवसा नव्हता. मी साखऱ्याला धावत जाऊन भावाच्या आणि चुलत्यांच्या बैलगाड्या आणल्या, आणि सगळ्यांना त्यांतून पलीकडे पोचवले. कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. स्मरणिकेत त्या बैलगाड्यांचा उल्लेख नाही. त्याचे मला काही नाही. बैल वाचत नाहीत.

परत येऊन मी लॉरीखाली शिरलो आणि चेंबर उतरवले. शेठजी शेजारी बसून पाहत होते. चेंबरच्या तळाशी ती काळी पूड चिखलासारखी बसली होती. बेरिंगला तेल जाते ते रॉडमधील एका बारीक भोकातून. चौथ्या रॉडचे भोक त्या चिखलाने गच्च बुजले होते. तेल मिळाले नाही, मरू घातलेली बेरिंग वितळली आणि तिचे पांढरे थेंब चेंबरमध्ये सांडलेले होते. मी तारेने भोकातला काळा गोळा काढून शेठजींच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बोटाने चुरडला. मग त्यांनी हात धोतराला पुसला. तो डाग त्या धोतरावरून गेला असेल. माझ्या डोळ्यांपुढून गेलेला नाही.

शेठजींचा निरोप गेल्यावर मिस्त्री आले. कसे आले ते ऐका. एका मुसलमानाने त्या दिवसांत, त्या वाटेने, हद्दीकडे पळणाऱ्या हिंदूंच्या खेड्यांतून एकट्याने येणे सोपे नव्हते. आणि तो कोणाची गाडी दुरुस्त करायला चालला आहे हे रझाकारांना कळले असते तर तेही बरे नव्हते. ते भाड्याच्या छकड्यातून आले. बेरिंग फडक्यात, फडके कमरेला. माझ्या भावाने विचारले, “मिस्त्री, भीती न्हाई वाटली?” ते म्हणाले, “वाटली की. पन इथं क्रँक उघडा पडून राहिला, धूळ बसंल त्याच्यावर.”

रस्त्याकडेच्या लिंबाखाली त्यांनी काम मांडले. क्रँकला ओरखडे पडले होते. सुती दोरीला तेल आणि घासायची बारीक पूड लावून, ती क्रँकला गुंडाळून, एक टोक माझ्या हाती आणि एक त्यांच्या हाती, ताक घुसळावे तशी आम्ही ती ओढत राहिलो, ओरखडे गुळगुळीत होईपर्यंत. चेंबर त्यांनी रॉकेलने तीनदा धुतले. मग नीळ, मग खरवडणे. माझ्या आईने भाकरी आणि पिठले आणून ठेवले. ती म्हणाली, “मिस्त्रीभाऊ, आधी जेवून घ्या.” ते म्हणाले, “माय, हात काळे हायेत, थोडं थांब.” आईने घास करून भरवला. साखऱ्याच्या वाटेवर, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत. शेठजी तिथेच बसले होते. त्यांनीही हे पाहिले आहे.

लॉरी चालू झाली आणि हिंगोलीला परत आली. ज्या इंजिनाचा मिस्त्रींनी जीव घेतला असे छापले आहे, ते पुढे अनेक हंगाम मिस्त्रींच्याच बेरिंगवर चालले.

मग सप्टेंबर आला, पोलीस ॲक्शन झाली, आणि वारे फिरले. काल भिणारे आज शूर झाले. गावात कोणीतरी म्हणाले की लॉरी बंद पडली ती मिस्त्रीमुळे. दुसऱ्याने भर घातली की मिस्त्री रझाकारांच्या गाड्या दुरुस्त करीत. होय, करीत. मी ते नाकारत नाही. त्यांच्या शेडमध्ये तहसीलची गाडी येई, शेठजींची येई, रझाकारांचीही आली. आणि खराब तेल घालणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सारख्याच शिव्या घातल्या. रझाकारांच्या तोंडावर त्या घालण्याची छाती तेव्हा या गावात आणखी कोणाची होती, त्याचे नाव मला सांगा.

मी जिनिंगच्या फाटकापाशी, जमलेल्या लोकांसमोर, सगळे सांगितले. डबा, चिखल, बुजलेले भोक, लिंबाखालचे काम, सगळे. शेवटी म्हणालो, “शेठजी इथंच हायेत. इचारा त्यास्नी.” लोकांनी शेठजींकडे पाहिले. शेठजी खोटे बोलले नाहीत. ते म्हणाले, “ड्रायव्हर, डोकं थंड ठेवा. जुनं काढून काय करता आता?” बस्स, एवढेच. या गावाने एका माणसाचे नाव बुडवले ते खोट्या साक्षीने नव्हे, न दिलेल्या साक्षीने बुडवले. मी त्याच दिवशी लॉरीची किल्ली शेठजींच्या गादीवर ठेवली आणि नोकरी सोडली. नंतर मला काढून टाकले असे सांगितले जाते, तेही खोटे.

दोन दिवसांनी मिस्त्रींची शेड फोडली. भट्टी, पळ्या, पाने, पाती, जे उचलता आले ते गेले. ती धातू वितळवायची पळी मी नंतर एका प्रतिष्ठित घरात फोडणीसाठी वापरलेली पाहिली आहे. नाव सांगत नाही. त्या घरात आता तिसरी पिढी जेवते आहे आणि त्या पांढऱ्या धातूतले शिसे पोटात जाते हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मिस्त्री कुटुंबासह हैदराबादकडे नातेवाइकांकडे निघाले. स्टेशनवर मी एकटा होतो. मला वाटले होते ते गावाला शाप देतील, निदान शेठजींचे नाव घेतील. मी म्हणालो, “मिस्त्री, मी बोललो फाटकापाशी. कोनी मानलं न्हाई.” त्यांना ऐकू आले की नाही, कोण जाणे. ते माझ्या कानाशी येऊन, बहिरी माणसे बोलतात तसे मोठ्याने म्हणाले, “बेरिंग नवी हाय. जो कोनी गाडी चालवील त्याला सांगा, लगेच दामटू नको म्हनावं. आन् तो डबा पुन्हा आनू देऊ नका.” त्यांच्या बेगम रेल्वेच्या डब्यात बसून पदराने डोळे टिपत होत्या. मिस्त्री रडले नाहीत. त्यांनी माझा दंड एकदा घट्ट दाबला आणि आत जाऊन बसले. पुढे ते कोठे राहिले, केव्हा वारले, मला समजले नाही. हैदराबादेस गेलो तेव्हा मोटारींच्या बाजारात विचारत फिरलो. दातांनी ऐकणारा मिस्त्री कोणाला माहीत नव्हता.

पुढे मी स्वतःची लॉरी घेतली, मग दुसरी. दर हंगामानंतर चेंबर उतरवले. तेलात घालायच्या नाना तऱ्हेच्या दवा बाजारात आल्या, त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत आणि मी त्या वापरल्या, नव्या बेरिंगला, मापाने. माझ्या गाडीचा क्रँक कधी गेला नाही. हे कोणाचे शिक्षण आहे, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे.

स्मरणिका वाचून मी शेठजींच्या नातवाकडे गेलो. पहिला लेख त्याचाच आहे. पोरगा शिकलेला, बोलायला मऊ. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळे ऐकून घेतले. मी म्हणालो, दुरुस्ती छापा. तो म्हणाला, “काका, तुमचं बराबर असंल. पन आता इतकी वर्षं झाली. त्या मिस्त्रीचं इथं कोनी न्हाई राहिलं. कोनाला वाईट वाटनार हाय?”

मी चहा तसाच ठेवून उठलो.

“मला वाटून राहिलं,” मी म्हणालो. “मी हाय ना त्यांचा इथं.”